व्यापार कराराचा खरा परिणाम आकड्यांतून कसा तपासावा

करार झाला, त्यानंतर त्या देशाशी व्यापारतूट वाढली, म्हणून करार तोट्याचा. हा निष्कर्ष बातम्यांत आणि प्रबंधांत सर्रास दिसतो आणि बहुतेक वेळा तो सिद्ध झालेला नसतो. तूट कोळशाचे भाव चढल्यानेही वाढते, रुपया घसरल्यानेही वाढते. कराराचा परिणाम होतो तो विशिष्ट मालावर, विशिष्ट तारखेपासून. तपासणीही तिथूनच सुरू करावी.

आधी एकच माल निवडा आणि सीमाशुल्काच्या यादीतला त्याचा आठ आकडी कोड शोधा. पहिले सहा आकडे जगभर सारखे असतात, पुढचे दोन भारताचे. रिफाइंड पामोलिनचा कोड १५११ ९० २०, कच्च्या पामतेलाचा १५११ १० ००. इथे एक अडचण हमखास येते. सहा आकडी यादी २०१२, २०१७ आणि २०२२ मध्ये बदलली, पण कराराचं परिशिष्ट सही झाली त्या काळच्या यादीत असतं. जुना कोड फुटून दोन-तीन नवे झाले असतील, तर सगळ्यांची बेरीज करा. नाहीतर आयात अचानक शून्यावर आलेली किंवा शून्यातून उसळलेली दिसेल आणि तो फरक निव्वळ कागदावरचा असेल.

मग सवलत किती, ते काढा: इतर देशांना लागू असलेला दर वजा करारातला दर. करारातले दर सीमाशुल्काच्या अधिसूचनांत मिळतात. आसियान या आग्नेय आशियाई देशांच्या गटासाठी ४६/२०११, दक्षिण कोरियासाठी १५२/२००९, संयुक्त अरब अमिरातींसाठी २२/२०२२. या अधिसूचना वारंवार सुधारल्या जातात, म्हणून मूळ प्रतीवर थांबू नका; प्रत्येक तारखेला कोणता दर लागू होता, याचा तक्ता करा. सवलत शून्य असेल तर त्या मालापुरतं करारावर खापर फोडता येत नाही. लॅपटॉपचंच पाहा. जागतिक व्यापार संघटनेच्या माहिती तंत्रज्ञान करारामुळे त्यावर मूळ सीमाशुल्क शून्यच आहे, मग तो आसियानमधून येवो की चीनमधून.

आकडे वाणिज्य मंत्रालयाच्या आयात-निर्यात डेटा बँकेतून घ्या. मूल्य आणि नग किंवा वजन, दोन्ही उतरवून घ्या. नुसत्या रुपयांवरून भाव वाढला की माल वाढला, ते कळत नाही. करारापूर्वीची निदान तीन वर्षं हवीतच. आपलं वर्ष एप्रिल ते मार्च, आंतरराष्ट्रीय आकडे बहुधा जानेवारी ते डिसेंबर. हे दोन्ही एकाच तक्त्यात मिसळू नका. तीन स्तंभ करा: करारातल्या देशाकडून आलेला माल, बाकी देशांकडून आलेला, आणि एकूण.

आता वाचन. जोडीदाराकडून आयात वाढली, बाकीच्यांची टिकून राहिली आणि एकूण वाढ झाली, तर नवा व्यापार निर्माण झाला असण्याची शक्यता आहे. देशातलं महाग उत्पादन तेवढं मागे हटलं का, हेही पाहावं लागतं. पण एकूण तेवढंच राहून जोडीदाराचा हिस्सा वाढला आणि इतरांचा घटला, तर व्यापार नुसता वळला. हा फरक अर्थशास्त्रज्ञ जेकब वायनर यांनी १९५० मध्ये मांडला आणि आजही याहून उपयोगी हत्यार नाही.

पामोलिनच्या बाबतीत हे स्वच्छ दिसतं. १ जानेवारी २०१९ पासून मलेशियाच्या रिफाइंड तेलावर भारत-मलेशिया करारामुळे ४५ टक्के शुल्क लागू झालं, इंडोनेशियाच्या तेलावर ५० टक्के राहिलं. अवघ्या पाच टक्क्यांचा फरक, पण खरेदी मलेशियाकडे वळली. हिशेब करून पाहा. समजा, इंडोनेशियाचा टन ५०,००० रुपयांना येतो आणि मलेशियाचा ५१,००० ला. अधिभार बाजूला ठेवू. शुल्कासह इंडोनेशियाचा पडतो ७५,००० ला, मलेशियाचा ७३,९५० ला. आयातदार मलेशियाचा घेईल आणि त्याचे १,०५० रुपये वाचतील. पण तिजोरीत २५,००० ऐवजी २२,९५० येतील, म्हणजे २,०५० कमी. दोन्ही जमेस धरलं तर देशाला टनामागे हजार रुपयांचा तोटा, आणि ते हजार रुपये महाग विक्रेत्याकडे गेले. सप्टेंबर २०१९ मध्ये सरकारने मलेशियाच्या मालावर १८० दिवसांसाठी ५ टक्के संरक्षक शुल्क लावून हा फरक मिटवला. तुमच्या तक्त्यात अशी तारीख सापडली तर ती फार मोलाची, कारण शुल्क परत समान झाल्यावर हिस्सा पूर्वपदावर येतो का, हे पाहता येतं. आला, तर कारण सवलतच होती असं बऱ्याच खात्रीने म्हणता येतं.

फक्त कराराची तारीख धरून आधी-नंतर तुलना केली की कसं फसायला होतं, ते कोरियाच्या सोन्यावरून कळतं. कोरियाशी करार १ जानेवारी २०१० पासून लागू आहे, पण सोन्याच्या आयातीची लाट आली २०१७ च्या जुलैमध्ये. तोवर १२.५ टक्के प्रतिशुल्क, म्हणजे देशातल्या उत्पादन शुल्काची बरोबरी करायला आयातीवर लावलेला कर, आड येत होतं. जीएसटीत ते विलीन झालं आणि इतरांना १० टक्के, कोरियाला शून्य, अशी वाट मोकळी झाली. २५ ऑगस्ट २०१७ ला सरकारने कोरियातून येणाऱ्या सोन्या-चांदीवर निर्बंध घातले. म्हणून तक्त्यात सीमाशुल्काशेजारी बाकीच्या करांचाही स्तंभ ठेवा.

पुढचा प्रश्न: माल खरोखर त्याच देशाचा आहे का? जोडीदाराकडे तो पिकत किंवा निघत नसेल आणि तरी आयात वाढत असेल, तर उत्पत्तीचे नियम, म्हणजे माल कोणत्या देशाचा मानायचा ते ठरवणाऱ्या अटी, उघडा. आसियान करारात सर्वसाधारण अट ३५ टक्के स्थानिक मूल्य आणि सहा आकडी कोड बदलणं, अशी दुहेरी आहे. साफ्टा या दक्षिण आशियाई मुक्त व्यापार कराराखाली नेपाळसारख्या अल्पविकसित देशांना मूल्यवर्धनाची सर्वसाधारण अट ३० टक्क्यांची. सप्टेंबर २०२४ मध्ये भारताने रिफाइंड खाद्यतेलावरचं प्रभावी (अधिभारांसह) शुल्क ३५.७५ टक्क्यांवर नेलं, नेपाळच्या तेलाला मात्र ते शून्यच राहिलं. एवढी दरी असली की बाहेरून आणलेलं कच्चं तेल तिथे शुद्ध करून इकडे पाठवणं परवडतं. शुल्कवाढ ज्यांच्यासाठी केली त्या लातूरच्या सोयाबीन उत्पादकांना तिचा पूर्ण लाभ मिळत नाही, आणि ही बाब तुटीच्या एकूण आकड्यात कुठेच दिसत नाही. अशा वेळी त्या देशाची कच्च्या तेलाची आयातही तक्त्यात जोडा. दोन्ही रेषा एकत्र चढत असतील तर माल कुठून येतोय ते उघड आहे.

२०२० पासून सीमाशुल्क कायद्याच्या कलम २८डीए आणि मालाची उत्पत्ती तपासण्यासाठीच्या कॅरोटार नियमांनुसार सवलत घेणाऱ्या आयातदाराकडे मालाच्या उत्पत्तीची माहिती असावी लागते. नुसतं उत्पत्तीचं प्रमाणपत्र पुरत नाही. त्यामुळे २१ सप्टेंबर २०२० ही तारीखही तक्त्यात आखून ठेवा.

करारांचा प्रसार मोजायचा असेल तर जागतिक व्यापार संघटनेची यादी वापरा, पण जपून. एकाच कराराची वस्तूंसाठी एक आणि सेवांसाठी दुसरी नोंद असते. नोंदी मोजल्या तर संख्या फुगते. प्रत्यक्ष करार मोजा.

निर्यातीच्या बाजूने हेच काम करताना जोडीदार देशाचे आयातीचे आकडे घ्या, आपले निर्यातीचे नव्हे, कारण सवलत तिकडच्या बंदरावर मिळते. त्यांच्या आकड्यांत बहुधा वाहतूक आणि विमा धरलेला असतो, आपल्या निर्यातीत नसतो, म्हणून दोन्हींत थोडी तफावत राहणारच. ती दरवर्षी साधारण सारखी असेल तर काळजी नको. एखाद्या वर्षी अचानक रुंदावली, तर माल दुबई किंवा सिंगापूरमार्गे फिरतोय का, ते आधी पाहा.