जलरंग शिकताना या चुका टाळा: अर्धवट ओल्या कागदाला हात लावू नका

जलरंगातले पहिले चित्र बिघडले की नवशिक्या पहिला दोष आपल्या रेखाटनाला देतो, दुसरा रंगांना. वर्षानुवर्षे शिकवताना बिघडलेली जी चित्रे माझ्यासमोर आली, त्यांतल्या बहुतेकांचे मूळ मात्र कागदात आणि पाण्यात होते.

आधी कागदाविषयी. चित्रकलेच्या साध्या वहीतला कागद पेन्सिलीसाठी ठीक असतो. त्यावर पाण्याने भरलेला ब्रश फिरवला की तो फुगतो, जागोजागी खोलगट होतो, रंग त्या खोलगट भागांत साचतो आणि सुकल्यावर तिथे गडद डाग उरतात. ‘हात बसला की चांगला कागद घेऊ’ हे मी सतत ऐकतो आणि ते मला अजिबात पटत नाही, कारण हलक्या कागदावर हात बसतच नाही. रंग विद्यार्थी दर्जाचे चालतील, ब्रश एकच असला तरी चालेल, पण कागद जलरंगाचाच आणि निदान ३०० जीएसएमचा, म्हणजे दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा हवा. सुती, म्हणजे कापसाच्या तंतूंचा कागद ओल जास्त वेळ धरून ठेवतो, त्यामुळे विचार करायला अवसर मिळतो. खर्च जड वाटत असेल तर ताव कापून लहान तुकडे करावेत आणि सरावासाठी मागची बाजूही वापरावी. मी चारही कडा टेपने बोर्डला चिकटवूनच काम सुरू करतो आणि चित्र पूर्ण सुकेपर्यंत टेप काढत नाही.

दुसरी चूक मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते, ती म्हणजे सुकत आलेल्या वॉशमध्ये, म्हणजे पातळ रंगाच्या सलग थरात, पुन्हा ब्रश घालणे. एका वर्गात एका विद्यार्थिनीने अल्ट्रामरीन या निळ्या रंगाचे आकाश रंगवले होते. बोर्ड किंचित तिरका ठेवून, प्रत्येक पट्ट्याच्या खालच्या कडेला जमणारा रंगाचा ओघळ पुढच्या पट्ट्यात ओढत तिने वरच्या गडद निळ्यापासून क्षितिजाच्या फिक्या निळ्यापर्यंत अखंड वॉश उतरवला होता. कागदाची चकाकी नुकतीच गेली होती, तेवढ्यात डाव्या कोपऱ्यात तिला एक पुसट रेघ दिसली आणि ती मिटवण्यासाठी तिने ओला ब्रश टेकवला. ब्रशमधले जादा पाणी ओलसर कागदात पसरले, पसरताना त्याने रंगाचे कण पुढे ढकलले आणि ते कण जिथे थांबले तिथे फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी कातरलेली कडा उमटली. ती कडा पुसायला आणखी पाणी, मग टिश्यू, मग घासणे. अखेरीस कागदाचा वरचा थर सोलला गेला आणि आकाश हातचे गेले. जलरंग सुकल्यावर फिका होतो. मूळची रेघ बहुधा दिसलीही नसती.

म्हणून कागद तिरप्या उजेडात पाहण्याची सवय लावून घ्यावी. पाणी चकाकत असेल तोवर रंग सोडता येतो, हलवता येतो. चकाकी गेली, पण हाताची मागची बाजू टेकवल्यावर कागद गार लागतो, तेव्हा ब्रश खाली ठेवावा. त्या अवस्थेत फक्त घट्ट रंग, जवळजवळ कोरड्या ब्रशने आणि तोही अनुभवानंतरच लावावा. गारवा पूर्ण गेला की पुढचा थर. मी स्वतः चकाकी गेली की टेबलापासून उठतो, कारण समोर बसलो की हात शिवशिवतो. व्हिडिओंमध्ये सुकण्याचा वेळ कापून टाकलेला असतो आणि ते पाहून आलेल्यांना वाटते की चित्रकार न थांबता रंगवतो. हेअर ड्रायरही मी नवशिक्यांना देत नाही: चकाकत्या वॉशवर त्याचा झोत साचलेला रंग भलतीकडे ढकलतो आणि शिवाय ओल कशी जाते हे डोळ्यांना कळायचे राहून जाते.

कातरलेली कडा उमटलीच, तर काहीही न करता कागद पूर्ण सुकू द्यावा. नंतर ओलसर, स्वच्छ ब्रश कडेवरून हलकेच फिरवून टिश्यूने टिपावे. अल्ट्रामरीन बऱ्यापैकी उचलला जातो. थॅलो ब्लू हा दुसरा निळा मात्र कागदात भिनतो आणि त्याचा डाग फारसा हटत नाही.

बाकीचे थोडक्यात. ट्यूबमधल्या काळ्याने सावल्या निर्जीव होतात. अल्ट्रामरीन आणि तांबूस तपकिरी बर्न्ट सायना मिसळून येणारा गडद रंग मला नेहमी पुरतो. एका मिश्रणात तीनपेक्षा जास्त रंग आले की चिखल होतो. पांढऱ्यासाठी कागद कोरा सोडावा आणि तो कुठे सोडायचा हे पेन्सिल हातात असतानाच ठरवावे. छोट्या ब्रशने मोठा वॉश देऊ नये, पट्टे उमटतात. आठ किंवा दहा नंबरचा टोकदार गोल ब्रश सुरुवातीची बहुतेक कामे करतो. पाण्याची भांडी दोन ठेवावीत, एक ब्रश धुण्यासाठी आणि दुसरे रंगात घालायच्या स्वच्छ पाण्यासाठी. ब्रश भांड्यात उभा ठेवून जाऊ नये, त्याचे टोक वाकते आणि दांड्यात पाणी शिरून त्यावरचा रंग सुटू लागतो. धुऊन, बोटांनी टोक जुळवून तो आडवा सुकवावा.