बेंचटॉप मिलिंग मशीन: नवा कटर आणण्याआधी या चुका टाळा

छोट्या मिलिंग मशीनवर फिनिशिंग बिघडलं की पहिला संशय कटरवर जातो. पण बऱ्याचदा कटर ठीक असतो आणि प्ले (भागांमधला सैलपणा) दुसरीकडेच असतो: गिबमध्ये (सरकत्या टेबलाची ढिलाई काढणारी पट्टी), टेबल सरकवणाऱ्या स्क्रूमध्ये, व्हाइसमध्ये (जॉब म्हणजे कापायचा तुकडा धरणारा शिकंजा) किंवा कोलेटमध्ये (कटर धरणारी चिरलेली नळी). मोठ्या मशीनचं वजन असे दोष पोटात घालतं. बेंचवरच्या मशीनला ते जमत नाही, म्हणून आधी प्ले शोधायचा.

सुरुवात गिबपासून करा. मशीन बंद ठेवून स्पिंडलमध्ये (कटर फिरवणारा दांडा) डायल (बारीक हालचाल दाखवणारं काट्याचं मापक) धरा, त्याचं टोक व्हाइसच्या फिक्स जबड्याला टेकवा, वाय (पुढे-मागे जाणारा अक्ष) लॉक करा आणि टेबलाचं एक टोक हाताने पुढे-मागे ढकला. काटा 0.03 मिमीच्या वर हलला तर गिब सैल आहे. ढकलायचं ते टेबलाच्या चालीला आडवं. चालीच्या दिशेने ढकललं तर स्क्रूचा बॅकलॅश (स्क्रू आणि त्याच्या नटमधला प्ले) मोजला जातो आणि गिब उगाच आवळली जाते. आवळताना लॉकनट सैल करा, एकेक स्क्रू टेबल जड होईपर्यंत फिरवा आणि मग जरासा मागे घ्या. लॉकनट बसवताना अॅलन की सोडू नका, नाहीतर नटाबरोबर स्क्रूही फिरतो आणि सगळी सेटिंग जाते. ज्या अक्षावर कट चालू नाही तो नेहमी लॉक ठेवा.

खडखड ऐकू आली की फीड (कटरकडे जॉब सरकवण्याचा वेग) कमी करणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. फीड फार कमी झाला की दात कापायचं सोडून घासतो, तापतो आणि बोथट होतो. कमी करायचे ते आरपीएम (मिनिटाला फेरे). आरपीएम काढायला कटिंग स्पीडला (दाताच्या टोकाचा मिनिटाला मीटरमधला वेग) 1000 ने गुणून 3.14 गुणिले कटरच्या व्यासाने भागा. एचएसएस (हाय स्पीड स्टील) कटर आणि एमएससाठी (माइल्ड स्टील) मिनिटाला 25 मीटर धरले तर 10 मिमी कटरला साधारण 800 आरपीएम येतात. चार दातांच्या कटरला प्रत्येक दातामागे 0.03 मिमी फीड दिला तर मिनिटाला 96 मिमी होतो. 2 मिमी पिचच्या (एका फेऱ्यात टेबल 2 मिमी सरकवणाऱ्या) स्क्रूवर हे हँडलचे मिनिटाला 48 फेरे, म्हणजे सेकंदाला एका फेऱ्याहून थोडं कमी. कटर कोलेटबाहेर जेवढा गरजेचा तेवढाच ठेवा. बाहेरची लांबी दुप्पट झाली की त्याच जोरात तो आठपट वाकतो.

कटर एकदम जॉब ओढून घेतो, दात तुटतो? क्लाइंब मिलिंगमध्ये कटर टेबलाला फीडच्याच दिशेने खेचतो आणि स्क्रूमध्ये जेवढा प्ले तेवढं टेबल झटक्यात सरकतं. रफ कट उलट दिशेने, म्हणजे कन्व्हेन्शनल घ्या. शेवटचा 0.1 मिमीचा कट लॉक किंचित आवळून क्लाइंबने घेतला तर चालतो. माप घेताना हँडल कायम एकाच दिशेने फिरवून शून्यावर या.

एंड मिल (टोकाने आणि बाजूने कापणारा कटर) ड्रिल चकमध्ये धरू नका. चकचे तीन जबडे बाजूच्या दाबासाठी नसतात, आणि थरथरीत चकचा टेपर (निमुळता दांडा) सुटून चालू स्पिंडलवरून चक खाली पडू शकतो. कोलेटमध्ये धरलेला कटर खाली सरकत असेल तर शँकचं (कटरच्या धरायच्या दांड्याचं) तेल पुसा. ईआर प्रकारचा कोलेट आधी नटमध्ये टक आवाज येईपर्यंत बसवायचा आणि मग कटर घालायचा.

फेसिंगनंतर (वरची बाजू सपाट केल्यावर) दोन पासमध्ये नखाला पायरी लागली तर हेड (स्पिंडल बसवलेला भाग) तिरकं आहे. स्पिंडलमध्ये डायल लावून त्याचं टोक टेबलाला टेकवून तो हाताने 200 मिमी व्यासाच्या वर्तुळात फिरवा. डावी-उजवीकडचा फरक हेड फिरवून 0.02 मिमीच्या आत आणता येतो. पुढे-मागे फरक असेल आणि कॉलम (हेडचा उभा खांब) बेसवर उभा बोल्ट केलेला असेल तर शिम (पातळ पत्रा) लागते. पुढे काटा जास्त दाबला जात असेल तर शिम कॉलमच्या पुढच्या बोल्टखाली घाला. जाडीसाठी फरकाला पुढच्या-मागच्या बोल्टमधल्या अंतराने गुणून 200 ने भागा. 0.05 मिमी फरक आणि 120 मिमी अंतर असेल तर 0.03 मिमीची शिम.

जॉब काटकोनात येत नसेल तर व्हाइस तपासा. आवळताना हलता जबडा वर उचलला जातो आणि जॉबलाही उचलतो. चांगली झालेली बाजू फिक्स जबड्याकडे ठेवा, हलत्या जबड्याकडे एक गोल रॉड आडवा धरा, आवळल्यावर मऊ हातोडीने जॉब ठोका. जॉबखालची पॅरलल (सारख्या उंचीची पट्टी) हाताने सरकत असेल तर जॉब बसलेला नाही. आधी चिप्स ब्रशने झाडा. हाताने नको.

अॅल्युमिनियम कटरला चिकटत असेल तर दोन दातांचा कटर आणि थोडं रॉकेल पुरतं.

मोटर जोरावर बंद पडत असेल तर आधी लांब, बारीक एक्स्टेंशन वायर काढून थेट सॉकेटला जोडा. डीसी मोटर असेल तर प्लग काढून कार्बन ब्रश पाहा. स्पीड कंट्रोलचं झाकण मात्र प्लग काढल्यावर लगेच उघडू नका, कॅपॅसिटरमध्ये चार्ज राहतो. काही मिनिटं थांबा आणि मीटरने व्होल्टेज उतरल्याचं बघूनच हात घाला.