सरकारी नोकरी लागली पण युनियन नाही? मग आधी रजेचं विचारा

न्यूयॉर्कात नवीन आलात आणि काउंटी, टाउन, स्कूल डिस्ट्रिक्ट असल्या कुठल्या ऑफिसात चिकटलात तर अभिनंदन, पण सरकारी म्हणजे रजाच रजा हे आपल्याकडचं गणित डोक्यातून काढून टाका. मी तेच धरून बसले होते.

इथे न्यूयॉर्क स्टेटमध्ये २०१८ पासून पेड फॅमिली लीव्ह (पीएफएल, म्हणजे घरच्यांसाठी पगारी रजा) आहे. आता १२ आठवडे मिळतात, पगाराच्या ६७ टक्के, त्यालाही कमाल मर्यादा आहे (२०२५ ला आठवड्याला ११७७ डॉलर ३२ सेंट). बाळ झालं तर पहिल्या वर्षभरात घ्यायची, नाहीतर घरचं कोणी गंभीर आजारी असेल तेव्हा. पण सक्ती फक्त खाजगी कंपन्यांना! सरकारी ऑफिसाची मर्जी. युनियनवाल्यांचं त्यांची युनियन वाटाघाटी करून ठरवते, आणि आपण बिनयुनियनचे, म्हणजे मॅनेजर वगैरे पोस्टवाले, आपल्यासाठी ऑफिसने स्वतःहून ऑप्ट इन केलं, म्हणजे त्यात सामील झालं, तरच आपण त्यात.

मला हे कळलं कधी, तर सासूबाई साताऱ्यात बाथरूममध्ये पडल्या, खुब्याचं हाड मोडलं आणि रात्री तीनला दिरांचा फोन आला तेव्हा. दोघांचे पे-स्टब (पगाराच्या पावत्या) टेबलावर शेजारी ठेवले. नवरा खाजगी कंपनीत, त्याच्यावर पीएफएलची कपात दिसत होती (२०२५ चा दर ०.३८८ टक्के), माझ्यावर ती ओळच नाही. काही ठिकाणी ऑफिस पदरचे भरतं म्हणे, म्हणून आशेने एचआरला विचारलं, तर आमच्याकडे नाहीच. एफएमएलए (देशभराच्या कायद्यातली फॅमिली रजा) आहे ना, म्हणाल, पण ती बिनपगारी आणि त्यात सासू-सासरे धरतच नाहीत, पीएफएलमध्ये धरतात. शेवटी नवरा गेला. आजारी माणूस भारतात असलं तरी चालतं, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं आणि लोक उगाच नोकरी सोडायच्या गोष्टी करतात. फॉर्मवर तिकडच्या डॉक्टरची सही लागते, तो कागद सकाळी राउंडच्या आधी पुढे करा, नंतर डॉक्टर सापडत नाहीत. मी माझे साठवलेले आठ दिवस घेऊन मागून गेले.

सगळीकडे असंच आहे असं नाही. न्यूयॉर्क सिटीने २०१६ मध्ये बिनयुनियन कर्मचाऱ्यांना बाळासाठी सहा आठवडे पूर्ण पगारी दिले, पण बदल्यात त्यांची ०.४७ टक्क्यांची ठरलेली पगारवाढ गेली आणि जुन्या लोकांची सुट्टी २७ वरून २५ दिवसांवर आली. फुकट कोण देतंय! स्टेटने २०२३ मध्ये आपल्या बिनयुनियन लोकांना बाळासाठी १२ आठवडे पूर्ण पगारावर दिले.

आणि हो, व्हिसा कुठला आहे याचा पीएफएलशी संबंध नाही, त्यामुळे एच-वन वाल्यांनी घाबरून गप्प बसू नका. आठवड्याला २० तास किंवा जास्त काम असेल तर सलग २६ आठवडे झाले की तुम्ही पात्र, अर्थात ऑफिस त्यात असेल तर. आधी माहीत असेल तर ३० दिवस अगोदर कळवायचं.

ऑफर लेटरवर सही करायच्या आधी एचआरला एकच प्रश्न टाका, माझ्या पोस्टसाठी पीएफएल आहे का. ईमेलवरच विचारा हं, मला तोंडी "असेल बहुतेक" असं सांगितलं होतं.