आजीच्या हातचे टोपडे: माप उतरवून घेण्यापासून टाके मिटवण्यापर्यंत

घरातल्या प्रत्येक नव्या बाळाला आजीने विणलेले टोपडे घालण्याची रीत पुढे चालवायची असेल, तर सुया हातात घेण्याआधी आजीचे माप कागदावर उतरवून घ्यावे. कारण अनुभवी आजी टाके मोजत बसत नाही, ‘दोन बोटे काठ, मग चार बोटे सरळ’ एवढेच सांगते, आणि ती बोटे तिची असतात. तिच्याकडून 36 टाक्यांचा चौकोनी तुकडा विणून घ्यावा, तो न ताणता सपाट ठेवून 10 सेंटिमीटरमध्ये किती टाके आणि किती ओळी बसतात ते मोजावे व तुकडा वहीत टाचून ठेवावा. तसाच तुकडा आपणही विणावा. आपले टाके त्याच मापात अधिक भरले, तर हात घट्ट आहे असे समजून थोडी जाड सुई घ्यावी.

सोलापुरात संक्रांतीच्या, म्हणजे गड्डा यात्रेच्या सुमारासही थंडी मुख्यतः रात्री आणि पहाटेच जाणवते, आणि दुपारी ऊन तापते. त्यामुळे येथे लोकरीपेक्षा मऊ सुती धागाच बरा, असे माझे मत आहे. सुती धागा ताणला की लोकरीसारखा पूर्ववत होत नाही, म्हणून काठ जरा बारीक, 11 नंबरच्या (3 मिलिमीटर) आणि बाकीचे टोपडे 10 नंबरच्या (3.25 मिलिमीटर) सुयांवर विणावे.

10 सेंटिमीटरमध्ये 28 टाके बसत असतील, तर नवजात बाळासाठी 96 टाके घालावेत. दोन सुलट, दोन उलट असा 3 सेंटिमीटर काठ झाल्यावर एक ओळ सुलट, एक ओळ उलट या क्रमाने आणखी 6 सेंटिमीटर विणावे आणि उलट ओळीवर थांबावे. पुढच्या ओळीत 10 टाके सुलट विणून दोन टाके एकत्र विणावेत, आणि हेच एकूण आठ वेळा करावे. त्यानंतरची ओळ सबंध उलट. मग 9 सुलट व दोन एकत्र, पुढे 8 सुलट व दोन एकत्र, असे दर सुलट ओळीत आठ टाके कमी करत गेल्यास शेवटी सुईवर आठच टाके उरतात. त्यांतून धाग्याचे टोक ओवून घट्ट ओढावे आणि त्याच धाग्याने मागची कड शिवावी. गळ्याशी बांधायच्या लांब नाड्या लावू नयेत.

मध्येच टाका सुटला, तर लगेच थांबावे. सोलापुरी चादरीत उभे आणि आडवे धागे एकमेकांना धरून असतात. टोपड्यात मात्र एकच धागा फासाफासांतून फिरतो, त्यामुळे सुटलेला फास खालपर्यंत उसवत जातो. क्रोशाच्या सुईने तो एकेक पायरी वर चढवून घ्यावा.

धुतलेले टोपडे पिळू किंवा टांगू नये. टॉवेलमध्ये दाबून पाणी काढावे आणि सावलीत सपाट पसरून वाळवावे.