मेंदूतील सिस्टचा अहवाल कसा समजून घ्यावा

एमआरआयच्या अहवालात ‘सिस्ट’ हा शब्द दिसला की घरात सर्वांत आधी कर्करोगाची कुजबुज सुरू होते. वास्तविक सिस्ट म्हणजे द्रवाने किंवा तत्सम पदार्थाने भरलेली पिशवी, आणि मेंदूतील बहुतेक सिस्ट कर्करोगाच्या नसतात. त्यामुळे बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळाच्या) ओपीडीत जाण्यापूर्वी अहवालात तीन गोष्टी शोधून पेन्सिलीने अधोरेखित कराव्यात: सिस्टचा प्रकार, तिची जागा आणि आजूबाजूच्या भागावर दाब आहे की नाही. मिलिमीटरमधला आकार तेवढा पाहून घाबरणे जसे चुकीचे, तसेच निर्धास्त होणेही चुकीचे.

‘अरॅक्नॉइड सिस्ट’ बहुधा जन्मजात असते, तिच्यात मेंदूभोवतीचेच स्वच्छ पाणी असते आणि दुचाकीच्या अपघातानंतर काढलेल्या सीटी स्कॅनमध्ये ती अनेकदा योगायोगाने सापडते. त्रास नसेल तर सहसा काही करावे लागत नाही. फार तर काही काळाने पुन्हा स्कॅन होतो. मात्र डोक्याला मार बसल्यास अशा सिस्टच्या आसपास क्वचित रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून मूल फुटबॉल खेळत असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

याउलट ‘कोलॉइड सिस्ट’ एक-दीड सेंटिमीटरचीच असली तरी मेंदूतील पाणी जिथून वाहते त्या अरुंद वाटेच्या तोंडाशी बसलेली असते. वाट तुंबली की पाणी साचते आणि तीव्र डोकेदुखी, उलट्या व गुंगी येते. अशा वेळी सकाळच्या ओपीडीची वाट न पाहता 108 ला फोन करावा. ही सिस्ट दुर्बिणीने किंवा कवटी उघडून काढतात. दाब देणाऱ्या अरॅक्नॉइड सिस्टला मात्र दुर्बिणीने भोक पाडून आतल्या पाण्याला वाट करून देतात, किंवा शंट नावाची बारीक नळी बसवून ते पोटात सोडतात. शंट पुढे तुंबू शकतो किंवा त्यात जंतुसंसर्ग होऊ शकतो, याची कल्पना शस्त्रक्रियेआधीच घेतलेली बरी.

आपल्याकडे सर्वाधिक गैरसमज आहे तो ‘न्यूरोसिस्टिसर्कोसिस’बद्दल, म्हणजे फीतकृमीच्या अळ्यांमुळे झालेल्या सिस्टबद्दल. ‘चोरीस (डुकराच्या मांसाचे गोवन सॉसेज) खाल्ल्यामुळे झाले’ असे सर्रास ऐकू येते. नीट न शिजलेल्या डुकराच्या मांसातून आतड्यात फीतकृमी होतो हे खरे. पण मेंदूत अळ्या पोहोचतात त्या या कृमीची अंडी पोटात गेल्यामुळे, आणि ही अंडी कृमी झालेल्या माणसाच्या विष्ठेतून न धुतलेले हात, पाणी किंवा कच्ची भाजी यांच्यामार्फत येतात. म्हणूनच आयुष्यात मांसाला न शिवलेल्या माणसालाही हा आजार होतो. गोव्यातील जुन्या घरांमागे डुकरांचे संडास असत, म्हणजे माणसाची विष्ठा थेट डुकरांच्या तोंडी जाई. हे चक्र कसे फिरते ते दाखवायला त्याहून स्पष्ट चित्र नाही.

या आजारात पहिले लक्षण बहुधा फिट हेच असते. रुग्णाला कुशीवर वळवावे, तोंडात काहीही घालू नये, कांदा किंवा चप्पल हुंगवू नये. फिट पाच मिनिटांहून अधिक चालली तर 108 बोलवावी. ‘जंताचेच तर औषध’ म्हणून अल्बेंडाझोल फार्मसीतून स्वतः आणून घेणे धोक्याचे आहे, कारण अळ्या मरताना भोवती सूज येते आणि फिट वाढू शकतात. डॉक्टर आधी डोळे तपासायला सांगतात, स्टेरॉइड जोडीला देतात, आणि सूज फार असेल तर अल्बेंडाझोल लांबणीवर टाकतात. अळी मरून तिचा चुनखडीसारखा ठिपका राहिला असेल तर कृमीच्या औषधाची गरज नसते. फिटच्या गोळ्या मात्र डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय बंद करू नयेत.

भेटीला जाताना केवळ अहवालाचा कागद नको, स्कॅनची सीडी आणि जुने स्कॅनही न्यावेत, कारण सिस्ट वाढते आहे की तशीच आहे हे तुलनेवरूनच कळते. शस्त्रक्रिया ठरली तर गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा या आरोग्य विमा योजनेचे कार्ड चालू आहे का आणि ती शस्त्रक्रिया योजनेत बसते का, हे दाखल होण्याआधीच विचारून घ्यावे.