क्रुसेडवर लिहिताय? मग या चुका टाळा

क्रुसेडवर मराठीत लिहायला बसलं की पहिली चूक पहिल्याच शब्दात होते. आपण सर्रास 'धर्मयुद्ध' लिहून मोकळे होतो. पण आपल्या कानाला धर्मयुद्ध म्हणजे कुरुक्षेत्र: सूर्य मावळला की शस्त्र खाली, नि:शस्त्रावर वार नाही. नियमाने लढायचं ते धर्मयुद्ध. १५ जुलै १०९९ रोजी जेरुसलेमचा तट पडल्यावर आत सापडलेल्या मुसलमान आणि ज्यू रहिवाशांची भयानक कत्तल झाली. तिला हा शब्द लावताना माझा हात अडखळतो. 'क्रुसेड'च लिहा आणि अर्थ एकदा सांगून टाका: पोपच्या हाकेवरून, अंगरख्यावर क्रूस शिवून, पापं धुऊन निघतील या श्रद्धेने केलेली सशस्त्र यात्रा. निघालेले लोक स्वतःला यात्रेकरूच म्हणवत.

याहून मोठी चूक म्हणजे सगळी गोष्ट दोन छावण्यांत वाटून टाकणं. 'क्रुसेडर्सनी मुसलमानांकडून जेरुसलेम घेतलं' असं वाक्य झालं की थांबा आणि विचारा, कोणत्या मुसलमानांकडून? १०९५ साली फ्रान्समधल्या क्लेरमाँला पोप दुसरा अर्बन याने पहिल्या क्रुसेडची हाक दिली, तेव्हा शहर सेल्जुक तुर्कांच्या सरदारांच्या ताब्यात होतं. १०९८ च्या उन्हाळ्यात, फ्रँक, म्हणजे पश्चिम युरोपातून आलेले क्रुसेडर, अजून वाटेतल्या अँटिओकलाच असताना, इजिप्तच्या शिया फातिमींनी ते सुन्नी तुर्कांकडून जिंकलं. निघताना शत्रू एक होता, पोचल्यावर दुसराच समोर उभा! पुढे ११४० मध्ये दमास्कस आणि जेरुसलेमचं ख्रिस्ती राज्य मोसूल-अलेप्पोचा तुर्क सत्ताधीश झेंगी याच्याविरुद्ध एकत्र आले, आणि आठच वर्षांनी दुसऱ्या क्रुसेडने त्याच दमास्कसला वेढा घातला. म्हणून 'मुसलमान' किंवा 'ख्रिस्ती' लिहिलंत तिथे राजाचं नाव आणि साल घालून बघा. निम्मी वाक्यं आपोआप दुरुस्त होतात.

ख्रिस्ती बाजूलाही हेच. चौथी क्रुसेड 'भरकटली' एवढं लिहून पुढे जाऊ नका, हिशेब मांडा. १२०१ च्या करारात व्हेनिसने ३३,५०० माणसांसाठी जहाजं बांधायची आणि त्याबदल्यात ८५,००० मार्क चांदी घ्यायची ठरली. जमली जेमतेम तिसरा हिस्सा माणसं. पैसे कमी पडले, तेव्हा मुदत वाढवून मिळावी म्हणून व्हेनिससाठी झारा हे ख्रिस्ती शहर जिंकलं, पोपची मनाई धुडकावून. मग बायझंटाईन, म्हणजे पूर्वेकडच्या ख्रिस्ती साम्राज्याच्या, राजपुत्राने गादी मिळवून देण्यासाठी २ लाख मार्कांचं आमिष दाखवलं, ते त्याला फेडता आलं नाही, आणि एप्रिल १२०४ मध्ये क्रुसेडर्सनी त्या साम्राज्याची राजधानी कॉन्स्टँटिनोपल लुटली. तिथल्या हिप्पोड्रोमवरचे, म्हणजे रथशर्यतींच्या मैदानावरचे, चार धातूचे घोडे आजही व्हेनिसमध्ये, सेंट मार्कच्या चर्चमध्ये आहेत.

बारीक चुका भराभर सांगतो. तिसऱ्या क्रुसेडमधले प्रतिस्पर्धी, इंग्लंडचा राजा रिचर्ड आणि इजिप्त-सीरियाचा सुलतान सलाहुद्दीन, कधीच समोरासमोर भेटले नाहीत, सगळी बोलणी दूतांमार्फत झाली. पहिली, दुसरी, तिसरी हे आकडे नंतरच्या इतिहासकारांचे. अर्बनचं क्लेरमाँचं भाषण अवतरणचिन्हांत देऊ नका, कारण हाती असलेले वृत्तांत नंतर लिहिलेले आहेत आणि एकमेकांशी जुळत नाहीत. १०९६ मधलं माइन्झ आणि वर्म्सच्या ज्यूंचं हत्याकांड मात्र गाळू नका. पवित्र भूमीत पाऊल पडण्याआधीच ते ऱ्हाईनकाठी घडलं होतं.

आणि दोनशे वर्षं अखंड लढाईच चालली होती, असं चित्र रंगवू नका. सीरियातला एक अमीर उसामा इब्न मुनकिध याने आठवण लिहून ठेवली आहे. जेरुसलेमला गेला की त्याचे टेम्पलर (लढवय्या ख्रिस्ती साधूंच्या संघातले) मित्र त्याला नमाजासाठी अल-अक्साशेजारची छोटी मशीद मोकळी करून देत. तिचं तेव्हा चर्च झालं होतं. एकदा तो दक्षिणेकडे, मक्केच्या दिशेने उभा असताना एक फ्रँक धावत आला, त्याचं तोंड पूर्वेकडे वळवून म्हणाला, प्रार्थना अशी करायची! टेम्पलरांनी त्याला बाहेर काढलं. त्यांची नजर चुकवून तो पुन्हा आला. तेव्हा टेम्पलरांनी उसामाची माफी मागितली: हा नुकताच आमच्या मुलखातून आलाय, पूर्वेशिवाय दुसरीकडे तोंड करून प्रार्थना करणारा माणूस याने आजवर पाहिलेला नाही.