पदवी अभ्यासक्रमांची यादी कशी वाचावी: आरोग्य, शिक्षण, समाजकार्य आणि लिबरल आर्ट्स

‘आवड बघा आणि निवडा’ हा सल्ला मी इतक्यांदा ऐकलाय की आता चिडचिड होते. आवड तर हवीच. पण विद्यापीठाच्या यादीत ‘आरोग्य’ या एका शीर्षकाखाली डझनभर पदव्या असतात, आणि त्यातल्या किती तुम्हाला रुग्णाजवळ उभं राहू देतील हे आवडीवरून कळत नाही.

1. यादी छाटा. चार-पाच नावं ठेवा. एका संध्याकाळचं काम आहे.

2. जाहिरात बाजूला ठेवा, नियमावली मिळवा. वर्षवार विषय, क्रेडिट (अभ्यासाचा भार मोजण्याचं एकक), उत्तीर्ण होण्याच्या अटी असलेला कागद हवा. संकेतस्थळावर नसेल तर मागून घ्या. मागूनही मिळत नसेल तर ते नाव सरळ काढून टाका.

3. पदवीनंतर नोंदणी होते का, म्हणजे त्या व्यवसायाची परिषद तुम्हाला काम करायची परवानगी देते का, ते शोधा. सुरुवातीला मलाही इथेच अडखळायला व्हायचं, कारण पदव्यांची नावं फसवी असतात. ‘आरोग्यविज्ञान’ म्हणजे नर्सिंग नव्हे. त्या पदवीतून सार्वजनिक आरोग्य, व्यवस्थापन, संशोधन अशा वाटा निघतात, पण परिचारिका म्हणून नोंदणी होत नाही. ‘शिक्षणशास्त्र’ हा विषय घेऊन बी.ए. झालं म्हणून शाळेत वर्ग मिळत नाही. त्यासाठी शिक्षक-प्रशिक्षणाची वेगळी पात्रता लागते. भारतात बारावीनंतरचा चार वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम (आयटीईपी) पदवी आणि शिक्षक-प्रशिक्षण ही दोन्ही कामं एकत्र करतो. फिनलंडमध्ये मात्र वर्गशिक्षक व्हायला पदव्युत्तर पदवीच लागते, नुसत्या पदवीवर भागत नाही. समाजशास्त्र आणि समाजकार्य यांची गल्लत तर कायमचीच. इंग्लंडमध्ये ‘सोशल वर्कर’ हे पदनाम कायद्याने राखीव आहे, नोंदणीशिवाय ते लावता येत नाही आणि समाजशास्त्राच्या पदवीवर नोंदणी मिळत नाही.

म्हणून उलटीकडून सुरुवात करा. जिथे काम करायचंय तिथल्या नोंदणी परिषदेच्या संकेतस्थळावर जा, मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांची यादी उघडा आणि तुमच्या पदवीचं नाव त्यात अक्षरशः तसंच आहे का ते बघा. विद्यापीठ मान्यताप्राप्त असणं वेगळं, तो अभ्यासक्रम मान्यताप्राप्त असणं वेगळं. प्रवेश कक्षातली माणसं या दोन गोष्टी बिनदिक्कत एकत्र करून सांगतात. त्यांना लेखी विचारा: मान्यता पूर्ण आहे की प्रक्रियेत आहे, आणि कोणत्या तुकडीपर्यंत लागू आहे? ‘लवकरच मिळेल’ हे उत्तर मी ‘नाही’ असंच धरते.

त्यानंतर प्रत्यक्ष कामाचे तास मोजा. माझ्या मते पदवीबद्दल सर्वात प्रामाणिक माहिती या एका आकड्यात असते. युरोपीय संघात नर्सिंगचं प्रशिक्षण किमान तीन वर्षांचं आणि 4,600 तासांचं असावं लागतं, त्यातला निदान निम्मा भाग रुग्णसेवेच्या ठिकाणी. ऑस्ट्रेलियात नर्सिंगच्या पदवीत अशा सरावाचे किमान 800 तास पुरतात. पदवीचं नाव एकच, पण एका देशात शिकून दुसरीकडे नोंदणी मागताना हा फरक आडवा येऊ शकतो. अमेरिकेत समाजकार्याच्या पदवीला किमान 400 तासांचं फील्डवर्क लागतं, ऑस्ट्रेलियात 1,000 तास. ऑक्युपेशनल थेरपीसाठी (आजारपण किंवा अपंगत्व असताना रोजची कामं करता यावीत म्हणून दिला जाणारा उपचार) त्या व्यवसायाच्या जागतिक संघटनेनेच किमान 1,000 तास ठरवून दिले आहेत. माहितीपत्रकात ‘भरपूर प्रत्यक्ष अनुभव’ लिहिलेलं असेल आणि आकडा नसेल, तर आकडा मागा.

तासांसोबत आणखी चार प्रश्न विचारायचे: सरावाची जागा कोण शोधतं, ती किती लांब असते, प्रवासखर्च कोणाचा, आणि त्या आठवड्यांत अर्धवेळ नोकरी करता येते का? बहुतेक ठिकाणी हे काम बिनपगारी असतं. ही अडचण इतकी खरी आहे की ऑस्ट्रेलियाने 1 जुलै 2025 पासून नर्सिंग, प्रसूतिविद्या, शिक्षण आणि समाजकार्याच्या पात्र विद्यार्थ्यांना सरावाच्या काळासाठी भत्ता सुरू केला. सगळीकडे तो मिळत नाही, तेव्हा घरच्या हिशेबात हे आठवडे आधीच धरा. आणि आरोग्याकडे जाणाऱ्यांनी सरावाआधीचं लसीकरण शेवटच्या आठवड्यावर टाकू नये. हिपॅटायटिस बी लसीचे नेहमीचे तीन डोस सहा महिन्यांत पसरलेले असतात. ऐनवेळी घाई करून हे वेळापत्रक गाठणं कठीण.

4. लिबरल आर्ट्सला (साहित्य, इतिहास, मानसशास्त्र असे वेगवेगळे विषय एकत्र शिकवणारी पदवी) वेगळा चष्मा लावा. इथे नोंदणी नाही, परिषद नाही, त्यामुळे वरचा बराचसा उपद्व्याप वाचतो. पण दुसरीच गंमत असते: पुस्तिकेत छापलेले विषय आणि प्रत्यक्षात शिकवले जाणारे विषय यांत मोठी दरी असू शकते. म्हणून मागच्या दोन सत्रांचं वेळापत्रक मागवा. पुस्तिकेतले जे विषय त्यात दिसत नाहीत, ते नाहीतच असं समजा. मुख्य विषय कधी जाहीर करायचा आणि त्याला कुठले विषय आधी झालेले लागतात, हेही बघा. मानसशास्त्रात पुढे जायचं असेल तर संख्याशास्त्र टाळू नका, कितीही नकोसं वाटलं तरी. पुढे बी.एड. करून शिक्षक होण्याचा विचार असेल, तर शाळेत शिकवला जाणारा विषय मुख्य म्हणून घ्या. विषय कितीही सुंदर असला, तरी शाळेत तो नसेल तर जागाही निघणार नाही.

5. क्रेडिटची तुलना करताना एकक बघा. युरोपात एका वर्षाचे 60 क्रेडिट, एका क्रेडिटला 25 ते 30 तासांचा अभ्यास. अमेरिकेत पूर्ण पदवीचे साधारण 120. आकडे थेट शेजारी ठेवू नका.

6. फी, वसतिगृह, शिष्यवृत्ती. हे सगळ्यात शेवटी आणि फक्त उरलेल्या दोन-तीन नावांसाठी. शिष्यवृत्तीची मुदत बहुधा प्रवेशाच्या आधी संपते, तेवढी तारीख मात्र पहिल्या दिवशीच लिहून ठेवा.